चाळीस घरांची पिशवी : ‘डायब्लो २’ ह्या खेळातील वस्तुसंग्रहाची व्यवस्था

साठवणीची जागा मर्यादित असली म्हणजे वस्तूंच्या मूल्याचा विचार अपरिहार्य होतो. ज्याचे कोठार अमर्याद आहे त्याला निवड करण्याचे कारण पडत नाही. ज्याच्या पिशवीत मोजकीच जागा आहे त्याला मात्र प्रत्येक वस्तू उचलताना काय ठेवावे आणि काय टाकावे, ह्याचा निर्णय करावा लागतो. हा सामान्य सिद्धान्त संगणकीय खेळांच्या क्षेत्रात जितक्या स्वच्छपणे पाहावयास मिळतो तितका तो प्रत्यक्ष व्यवहारात क्वचितच मिळतो; कारण खेळात जागेचे माप, वस्तूंचे आकार आणि देवघेवीचे नियम हे सारे निश्चित व सर्वांना ज्ञात असतात. ‘डायब्लो २’ हा ह्या दृष्टीने अभ्यासास विशेष सोयीचा खेळ आहे. प्रस्तुत लेखात त्यातील वस्तुसंग्रहाच्या रचनेचे विवेचन करून, जागेची टंचाई कोठे उपकारक ठरते आणि कोठे ती केवळ उपद्रव होते, हा प्रश्न तपासावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

‘डायब्लो’ हा मूळ खेळ कॅलिफोर्नियातील कंडोर ह्या छोट्या संस्थेने तयार केला. डेव्हिड ब्रेव्हिक, मॅक्स शेफर व एरिक शेफर हे तिचे प्रमुख होते. हीच संस्था १९९६ मध्ये ब्लिझार्ड कंपनीत विलीन होऊन ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ खेळ १९९६ च्या अखेरीस बाजारात येऊ लागला, ‘डायब्लो २’ जून २००० मध्ये आला, आणि ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ ही त्याची पुरवणी जून २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

ह्या खेळाची वंशावळ ‘रोग’ (१९८०) व त्याच्या धर्तीवर रचलेल्या ‘मोरिया’, ‘अँगबँड’ इत्यादी अक्षरचित्रांच्या खेळांपर्यंत जाते. त्या जुन्या खेळांत जवळच्या वस्तूंची यादी असे. प्रत्येक वस्तूस वर्णमालेतील एक अक्षर दिलेले असे, आणि ‘अँगबँड’सारख्या खेळात वजनाचीही मर्यादा असे. म्हणजे वस्तू मोजल्या जात किंवा तोलल्या जात. त्यांना आकार नव्हता. ‘डायब्लो’ने यादीच्या जागी पट मांडला. दहा घरे रुंद व चार घरे उंच अशा चाळीस घरांच्या पटावर प्रत्येक वस्तू आपल्या आकाराप्रमाणे जागा व्यापू लागली, आणि सारीपाटाच्या घरांप्रमाणे ही घरे खेळाडूच्या नजरेसमोर सतत राहू लागली.

पहिल्या ‘डायब्लो’त ही टंचाई फारच कठोर होती. सोन्याच्या मोहरासुद्धा पिशवीतच ठेवाव्या लागत, आणि एका घरात ५,००० पेक्षा अधिक मोहरा मावत नसत. म्हणजे धन जितके वाढे तितकी पिशवी आकुंचन पावे. साठवणीची पेटी मुळीच नव्हती. त्यामुळे एकट्याने खेळणारे लोक आपला संग्रह ट्रिस्ट्रम गावाच्या मोकळ्या जमिनीवर मांडून ठेवीत. ‘डायब्लो २’ मध्ये मोहरांना घर लागेनासे झाले, आणि गावात पेटी आली. तथापि पिशवीचे माप पूर्वीचेच, म्हणजे चाळीस घरांचेच, कायम ठेवण्यात आले.

२. जागेची मोजदाद

खेळाडूजवळ वस्तू ठेवण्याच्या जागा मुख्यतः पाच आहेत : अंगावरील स्थाने, कमरेचा पट्टा, पिशवी, होराड्रिक क्यूब आणि गावातील पेटी.

अंगावर शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे, पादत्राणे, पट्टा, एक गळ्यातील अलंकार, दोन अंगठ्या आणि दोन हातांतील साधने एवढ्यांची सोय आहे. पुरवणीने शस्त्रांची दुसरी जोडी बाळगण्याची मुभा दिली. शिवाय पदरी ठेवलेल्या भाडोत्री सैनिकालाही शिरस्त्राण, चिलखत व शस्त्र देता येऊ लागले. वापरात नसलेली एखादी ढाल ह्या दुसऱ्या जोडीत अडकवून ठेवणे ही पिशवीतील घरे वाचविण्याची एक युक्तीच होय.

पट्ट्यात औषधाच्या कुप्या राहतात. पट्टा नसेल तर चारच कुप्या हाताशी राहतात; साध्या पट्ट्यात आठ, त्याहून चांगल्यात बारा, आणि उत्तम पट्ट्यात सोळा. कुपीला पिशवीत एक घर लागते, हे लक्षात घेतले म्हणजे उत्तम पट्टा धारण करणे म्हणजे बारा घरांची भर घालणेच होय, हे ध्यानी येईल.

पेटी मूळ खेळात चोवीस घरांची होती; पुरवणीने ती अठ्ठेचाळीस घरांची केली. होराड्रिक क्यूब ही वस्तू मात्र विलक्षण आहे. ती बाहेरून चार घरे व्यापते. तिच्या आत तीन रुंद व चार उंच अशी बारा घरे असतात. ती नुसती जवळ बाळगल्याने निव्वळ आठ घरांचा लाभ होतो. मात्र तिची रुंदी तीनच घरांची असल्यामुळे दोन घरे रुंद अशी एकच मोठी वस्तू तीत मावते, आणि उरलेला एक घर रुंदीचा पट्टा लहान वस्तूंनीच भरावा लागतो.

३. आकार आणि पोकळी

वस्तूंचे आकार ठरीव आहेत. अंगठी, गळ्यातील अलंकार, रत्न, रून, कुपी ह्यांना एक घर. जादूच्या कांडीस एकावर एक अशी दोन. शिरस्त्राण, हातमोजे व पादत्राणे ह्यांना दोन-दोनचा चौरस. कमरपट्ट्यास आडवी दोन. चिलखतास दोन रुंद व तीन उंच अशी सहा. आणि लांब दांड्याच्या शस्त्रांना दोन रुंद व चार उंच अशी आठ घरे लागतात. कातड्याचे हलके चिलखत व पोलादी जड चिलखत दोन्ही सहाच घरे व्यापतात. म्हणजे पिशवीला वजन ठाऊक नाही. वजनाची जागा बळाच्या अटीने घेतली आहे, पण ती अट वस्तू वापरण्यास लागू होते, वाहून नेण्यास नव्हे. वस्तू फिरवून आडवी करता येत नाही, हा नियमही येथेच ध्यानात घेतला पाहिजे.

ह्या आकारांचा व चार घरांच्या उंचीचा संबंध बारकाईने पाहिला म्हणजे रचनेतील शिस्त उमगते. पिशवीचे दोन-दोन घरे रुंद असे पाच उभे भाग कल्पावे. एका भागात एक लांब शस्त्र नेमके बसते. किंवा दोन शिरस्त्राणे बसतात. किंवा एक चिलखत व त्याखाली एक कमरपट्टा. गावाकडे परतण्याच्या व वस्तू ओळखण्याच्या मंत्रगुंडाळ्या सुट्या ठेवल्यास प्रत्येकीस एक घर लागते. परंतु त्यांच्या पोथ्या मिळतात, आणि दोन घरांच्या एका पोथीत वीस गुंडाळ्या राहतात. अशा दोन पोथ्या शेजारी ठेवून त्यांखाली क्यूब ठेवली की एक उभा भाग पूर्ण भरतो व बत्तीस घरे मोकळी उरतात. अनुभवी खेळाडूंच्या पिशवीत ही मांडणी पुनःपुन्हा आढळते, ती सवयीमुळे नव्हे, तर तीत एकही घर वाया जात नाही म्हणून.

ह्याच्या उलट, अव्यवस्थित पिशवीत रिकामी जागा पुष्कळ असूनही ती निरुपयोगी होते. दहा उभ्या ओळींपैकी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या व दहाव्या ओळीत, वरून दुसऱ्या घरात, एकेक अंगठी ठेवली आहे असे समजू. पाच घरे भरली, पस्तीस रिकामी राहिली. आता लांब शस्त्रासाठी दोन लगतच्या ओळी पूर्णपणे मोकळ्या हव्यात. तशी एकही जोडी उरलेली नाही. चिलखतही मावत नाही. कारण ते वरच्या तीन घरांत ठेवा वा खालच्या तीन घरांत, दुसरे घर दोन्ही वेळा आड येते. पाच अंगठ्यांनी पस्तीस घरांची पिशवी चिलखतापुरती बंद केली. दोन-दोनच्या चौरसाला मात्र खालच्या दोन आडव्या ओळींत जागा राहते. तीही संपूर्णपणे अडविण्यास निदान दहा अंगठ्या लागतील, कारण पटाचे दहा स्वतंत्र चौरस पडतात व प्रत्येकात एक तरी अडथळा हवा. रिकाम्या जागेचे प्रमाण आणि तिची उपयुक्तता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एवढ्यावरून स्पष्ट होईल. कोठारांच्या व संगणकाच्या स्मृतीच्या व्यवस्थापनातही हाच प्रश्न विखुरलेल्या जागेचा प्रश्न म्हणून उपस्थित होतो.

४. निवडीचे गणित

मर्यादित जागेत अधिकाधिक मूल्य कसे भरावे, हा प्रश्न गणितात ‘नॅपसॅक’ म्हणजे पाठपिशवीचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे. जॉर्ज डँटझिग ह्यांनी १९५७ मध्ये त्याचे विवेचन केले. वस्तूंचे तुकडे करण्याची मुभा असेल, तर मूल्य व भार ह्यांच्या गुणोत्तरानुसार उतरत्या क्रमाने भरत जाणे हाच सर्वोत्तम मार्ग ठरतो. वस्तू अखंडच घ्यावयाच्या असतील तर प्रश्न अवघड होतो. रिचर्ड कार्प ह्यांनी १९७२ मध्ये दिलेल्या एकवीस दुष्कर प्रश्नांच्या यादीत त्याचा समावेश आहे. ‘डायब्लो २’ मध्ये ह्या मूळ प्रश्नाला दोन गुंतागुंती जोडल्या आहेत. पहिली, आकारांची, वर सांगितलीच आहे. दुसरी अशी की वस्तू एकदम समोर येत नाहीत; त्या एकामागून एक येतात, आणि पुढे काय मिळणार हे ठाऊक नसताना निर्णय करावा लागतो.

खेळाडू ह्या प्रश्नाची उकल अर्थातच समीकरणांनी करीत नाहीत. दर घरामागील मूल्य हे त्यांचे स्थूल माप असते. व्यापारी कोणत्याही वस्तूस एका ठरावीक रकमेहून अधिक मोल देत नाहीत. समजा, एक कांडी व एक चिलखत दोन्ही त्या कमाल किमतीस पोचले आहेत. कांडीस दोन घरे व चिलखतास सहा घरे लागत असल्याने दर घरामागे कांडी तिप्पट लाभदायक ठरते. नवखा माणूस भव्य चिलखते गोळा करतो व जाणता मनुष्य कांड्या वेचतो, ह्याचे कारण हेच.

वस्तूच्या नावाचा रंग हीदेखील निवडीची पहिली चाळणी होय : साध्या वस्तूंस पांढरा, जादूयुक्त वस्तूंस निळा, दुर्मिळांस पिवळा, संचातील वस्तूंस हिरवा व अद्वितीयांस सोनेरी. परंतु जादूयुक्त व त्यांहून वरच्या वस्तूंचे गुण ओळख पटविल्याशिवाय कळत नाहीत. डेकार्ड केन ह्या वृद्धाची सुटका केल्यास तो ही ओळख विनामूल्य करून देतो, मात्र त्यासाठी गावात जावे लागते. म्हणून ओळखीची पोथी बाळगावी की नाही, हासुद्धा हिशेबाचाच प्रश्न आहे : दोन घरांच्या मोबदल्यात जागच्या जागी निर्णय करण्याची शक्ती मिळते आणि निरुपयोगी वस्तूने अडविलेली सहा-आठ घरे तत्काळ मोकळी होतात.

रत्नांचे उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. रत्नांचे सात प्रकार असून प्रत्येकाच्या पाच प्रती आहेत. एकाच प्रकारची व प्रतीची तीन रत्ने क्यूबमध्ये घातली की वरच्या प्रतीचे एक रत्न मिळते. म्हणजे एक परिपूर्ण रत्न एक्याऐंशी तुटक्या रत्नांच्या बरोबरीचे झाले. मूळ खेळातील पिशवी व पेटी मिळून चौसष्ट घरे आणि क्यूबची निव्वळ आठ, अशी एकूण बहात्तर घरे होतात. तेवढ्यात एक्याऐंशी रत्ने मावतच नाहीत. अर्थात् ती एकदम साठवावी लागत नाहीत. थेंबे थेंबे तळे साचे ह्या न्यायाने तीन झाली की एक करीत गेल्यास, कोणत्याही क्षणी खालच्या चार प्रतींची प्रत्येकी जास्तीत जास्त दोन, म्हणजे आठ रत्ने शिल्लक राहतील. पण सातही प्रकारांबाबत हाच क्रम ठेवला तर छप्पन्न घरे लागतात, आणि पुरवणीतील वाढविलेली पेटीही अठ्ठेचाळीसच घरांची आहे. सर्व काही जमविण्याचा मार्ग गणितानेच बंद केला आहे. कोणती रत्ने वेचावयाची नाहीत हे आधी ठरविणे भाग पडते.

५. ताईत : जागेचेच शस्त्र

पुरवणीने आणलेल्या ताइतांनी ह्या व्यवस्थेला नवीच दिशा दिली. ताईत अंगावर धारण करावयाचा नसतो. तो पिशवीत असेपर्यंतच त्याचा प्रभाव चालतो, क्यूबमध्ये वा पेटीत ठेवला की थांबतो. लहान ताइतास एक, मध्यमास दोन व मोठ्यास उभी तीन घरे लागतात. येथे रिकामे घर ही केवळ साठवणीची सोय राहत नाही. त्याला सामर्थ्यात मोजता येणारी किंमत प्राप्त होते.

जीवनशक्ती वाढविणाऱ्या उत्कृष्ट ताइतांची तुलना करून पाहावी. लहान ताईत २० पर्यंत, मध्यम ३५ पर्यंत व मोठा ४५ पर्यंत जीवनशक्ती देतो. दर घरामागे हे प्रमाण अनुक्रमे २०, साडेसतरा व १५ असे पडते. म्हणजे लहान ताईतच सरस. परंतु एखाद्या विद्याशाखेतील सर्व कौशल्ये एका पायरीने वाढविणारा गुण फक्त मोठ्या ताइतातच येतो. त्यामुळे दोहोंचे मिश्रण करावे लागते, आणि चार घरांच्या उंचीत एक मोठा व त्याखाली एक लहान ताईत नेमके बसतात. क्यूब व पोथ्यांचा एक उभा भाग आणि नव्या वस्तूंसाठी आठ घरांचा दुसरा भाग राखून ठेवला तर सहा मोठे व सहा लहान ताईत राहू शकतात. तो राखीव भागही ताइतांनी भरला तर योद्धा अधिक बलवान होतो, पण जिंकलेल्या शत्रूपासून काहीच नेऊ शकत नाही. नाकापेक्षा मोती जड होण्याचाच हा प्रकार. सामर्थ्य हवे ते लुटीसाठी, आणि लूट ठेवावयाची ती जागा सामर्थ्यानेच व्यापलेली, हा विरोध ह्या खेळाच्या उत्तरार्धाचे केंद्र आहे. त्याचे एकच एक उत्तर नाही, म्हणूनच तो विरोध फलदायी ठरतो.

६. पेटीची टंचाई आणि खेचरे

पिशवीच्या टंचाईने विचार वाढविला. पेटीच्या टंचाईने मात्र निराळेच फळ दिले. पुरवणीत तेहतीस प्रकारची रूने आली. प्रत्येकाचा एकेक नमुना ठेवावयाचा म्हटला तरी अठ्ठेचाळीसपैकी तेहतीस घरे जातात. संचातील वस्तू तर निरनिराळ्या वेळी मिळणाऱ्या; संच पुरा होईपर्यंत त्या साठविल्याच पाहिजेत. येथे कोणती वस्तू श्रेष्ठ हा प्रश्न नसून भावी उपयोगासाठी ती जपून ठेवण्याचा प्रश्न होता. ह्यावर खेळाडूंनी शोधलेला उपाय म्हणजे केवळ ओझे वाहण्यासाठी नवीन पात्रे निर्माण करणे. अशा पात्रांना ‘खेचरे’ असेच नाव पडले.

खेचराच्या अंगी सामर्थ्य नसे. त्याची पिशवी व पेटी तेवढी उपयोगाची. परंतु पेटी प्रत्येक पात्राची स्वतंत्र असल्यामुळे एका पात्राकडून दुसऱ्याकडे वस्तू देण्याचा सरळ मार्ग नव्हता. महाजालावर खेळताना वस्तू जमिनीवर टाकावयाची, खेळातून बाहेर पडावयाचे व दुसऱ्या पात्राने परत येऊन ती उचलावयाची. दरम्यान तो खेळ बंद पडला तर वस्तू कायमची नष्ट. त्यासाठी विश्वासू मित्रास साक्षी ठेवावे लागे. शिवाय बॅटल.नेटवर ९० दिवस न वापरलेले पात्र काढून टाकले जाई, आणि ज्या पात्राने दोन तासही खेळ केलेला नाही ते तर १० दिवसांतच जाई. परिणामी, ज्यांच्यात खेळण्यासारखे काही नाही अशी पात्रे दोन तास नुसती जागती ठेवावी लागत. एकट्याने खेळणाऱ्यांनी ‘अ‍ॅटमा’, ‘प्लगवाय’ ह्यांसारखी बाहेरची साधने तयार करून पेटीची मर्यादाच उठवून टाकली.

ह्याच टंचाईने एक चलनही जन्मास घातले. मोहरा बाळगण्याची मर्यादा पात्राच्या पातळीच्या दहा हजार पट असल्यामुळे आणि मोहरा सहज मिळत असल्यामुळे मोठ्या सौद्यांत त्यांचा उपयोग होईना. त्यांची जागा ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नामक अंगठीने घेतली. ती एकच घर व्यापते, सर्व योद्ध्यांस उपयोगी पडते, आणि तिचे गुण ठरलेले असल्याने एक अंगठी दुसरीसारखीच असते. सुवाह्यता, सर्वमान्यता व एकजिनसीपणा हे चलनाचे गुण कोणत्याही शासनाच्या आज्ञेवाचून तिच्या ठायी एकत्र आले. पुढे खेळातील दोषांचा लाभ घेऊन तिच्या असंख्य प्रतिकृती करण्यात आल्या व नकली नाण्यांच्या सुळसुळाटाने होते तसे तिचे मोल घसरले. २००३ मधील सुधारणेने अशी सोय केली की व्यापाऱ्यांस ह्या अंगठ्या विकल्या गेल्या म्हणजे एक महाभयंकर शत्रू प्रकट व्हावा, आणि त्याच्या पाडावानंतर एक अमोल ताईत मिळावा. चलनातील अतिरिक्त नाणी स्वेच्छेने परत यावीत, असाच ह्या योजनेचा परिणाम होता.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून दोन प्रकारच्या टंचाईंतील भेद स्पष्ट होतो. पिशवीची टंचाई ही कृतीच्या क्षणीची टंचाई आहे. ती मूल्य ठरविण्यास, मांडणीस शिस्त लावण्यास आणि लाभ व सामर्थ्य ह्यांचा मेळ घालण्यास भाग पाडते. तिच्यावाचून चिलखत व कांडी ह्यांच्यातील निवडीला काही अर्थच उरणार नाही. पेटीची टंचाई ही संचयाची टंचाई आहे. ती निर्णयाला जन्म देत नाही, कारण तिला बगल देण्याचा मार्ग खुला आहे. तो मार्ग फक्त कंटाळवाणा व धोक्याचा आहे. जी मर्यादा श्रमाने ओलांडता येते ती विवेकाची कसोटी राहत नाही. ती केवळ वेळेवरील कर ठरते, आणि तो कर ज्यांच्यापाशी वेळ व विश्वासू मित्र कमी आहेत त्यांच्यावरच अधिक पडतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘डायब्लो २ : रिसरेक्टेड’ ही नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी नेमका हाच भेद पाळलेला दिसतो. पेटी शंभर घरांची करण्यात आली आणि तिच्या जोडीला सर्व पात्रांना समाईक असे शंभर-शंभर घरांचे तीन कप्पे देण्यात आले; त्यामुळे खेचरांची गरज पुष्कळ अंशी संपली. पिशवी मात्र दहा रुंद व चार उंच अशी चाळीस घरांचीच ठेवण्यात आली. मूळ खेळानंतर एकवीस वर्षांनी चित्रे, प्रकाश व ध्वनी नव्याने घडविताना ज्या गोष्टींना हात लावण्यात आला नाही त्यांत ही चाळीस घरे होती. संग्रहालय, ग्रंथालय वा कोठार ह्यांच्या व्यवस्थेचा विचार करणाऱ्यासही ह्यातून एक कसोटी मिळते : एखादी मर्यादा घालण्यापूर्वी ती माणसाला विचार करावयास लावील की केवळ हेलपाटे घालावयास लावील, हे आधी पाहावे.